हळदी शाईत 'रद्द'

डिचोलीच्या बसस्टँडमागे, घड्याळजीच्या समोर,
बाबांचं दुकान. पाटी अजून तीच:
'येथे रबरी शिक्के तासाभरात'.
आता तासाभरात कुणाला काही नको असतं.

खण ओढला की वर येतात
वकिलांची नावं, बंद पडलेल्या दोन पतपेढ्या,
एक दाताचे डॉक्टर, वारले ते,
आणि खाणीच्या कचेरीचे सतरा शिक्के.
'वजन तपासले'. 'माल भरला'. 'बार्ज रवाना'.
सारमानसच्या धक्क्यावर गवत वाढलं,
रबर मात्र अजून मऊ आहे.

मी त्यांचीच नक्षी करते.
'रद्द' घेते, हळदी शाईत बुडवते,
बुडवत नाही, नुसता टेकवते,
बुडवलं की 'द्द'चं पोट भरून येतं,
आणि कागदावर लावत जाते,
अर्धा याच्यावर, अर्धा त्याच्यावर.
चाळीसेक झाले की वाचता येत नाही,
शेवंतीचा मळा दिसतो.
त्या मळ्याचे चौकोन कापून कार्डांवर डकवायचे.
परवा एक मुलगी साखरपुड्याला पंचवीस घेऊन गेली.
मी काही बोलले नाही.

चतुर्थीसाठी मात्र नवं कोरते, खोडरबरावर.
पांढरं, दहा रुपयांचं, वासाचं नको.
पुसायला जन्मलेल्या वस्तूला
उमटायला शिकवायचं.
कवंडळ, तोरिंजन, सुपारीचा घोस,
माटोळीला टांगतात ते सगळं नखाएवढं.
क्लोतील्दबाई येते, चष्मा कपाळावर,
म्हणते, माझ्या नाताळाच्या कार्डाला तोरिंजनच लाव,
नक्षत्र काय, सगळेच लावतात.

बाबांना उलटं लिहिणं सोपं जायचं.
उलटं कोरलं की सुलटं उमटतं
हे हातालाच ठाऊक, डोक्याला विचारायचं काम नाही.
किराणाची यादीसुद्धा कधीकधी
उजवीकडून डावीकडे.
शेवटच्या वर्षी हात विसरला.
अख्खी दुपार घेऊन माझं नाव कोरलं,
कुमुदिनी,
सुबक, सरळ, उकार वेलांट्या जागच्या जागी,
आणि दाबलं तर
नाव पाठमोरं.
बघत राहिले.
मी म्हटलं, छान आलंय.

तो शिक्का आता प्रत्येक कार्डाच्या मागे.
ही कुठली लिपी, गिऱ्हाइकं विचारतात.
दुकानाची खूण, सांगते.

भावाला दर चतुर्थीला एक जातं, स्विंडनला.
ट्रक विकले तेव्हा पैशांवरून जे झालं ते झालं.
आत मजकूर नाही. फक्त तारीख,
बाबांच्या फिरत्या पट्ट्यांच्या शिक्क्याने.
त्यातली वर्षं दोन हजार अठराला संपतात,
पुढचं मी पेनाने लिहिते.

यंदाचं परत आलं.
पाकिटावर इंग्रजीत शिक्का,
या पत्त्यावर राहत नाही, असं काहीतरी.
उजेडाला धरून पाहिला.
जांभळी शाई, कडा स्वच्छ,
डावीकडे दाब जरा कमी,
मारणारा घाईत असेल, किंवा डावखुरा.
काम चांगलं आहे.
बाबांनी अंगठ्याने चाचपून म्हटलं असतं,
रबर नव्हे हे, पॉलिमर.

क्लोतील्दबाईचा भाचा तिकडेच असतो,
नवा पत्ता काढतो म्हणालाय.
तोवर पाकीट फोडलं, कार्ड काढलं
आणि बाकीच्यांबरोबर दोरीला लावलं चिमट्याने,
वाळत घातल्यासारखं. वाळायचं काय होतं त्यात?

संध्याकाळी दुकान बंद करताना
गोकुळदास घड्याळजी आपल्या काचेच्या कपाटाकडे तोंड करून
तिथूनच ओरडला,
काय गो, तुझा शिक्का सुधारला?
नाव बरोबर वाचता येतंय.

काचेत बघतोयस तू, म्हटलं.
वळू नको.