ठोक

घाण्यावर लिंबाजीनं विचारलं,
"जवसाचं तेल? फोडणीला का?"
म्हणलो, "बॅटला."
त्यानं बाटली अर्धीच भरली.

सेलूत रात्री लाईट जाती तेव्हा
मी पायरीवर, बॅट मांडीवर.
बापाच्या पायमोज्यात जुना बॉल घालून
ठोकायलो. कडेला तिरपं, टोकाला हळू.
दांड्याला तेल लागू द्यायचं नाही,
पाणी तर सावलीलाही नाही.

भिंतीपलीकडून गफूरचाचा, सुतार, खोकले:
"ठोक अजून.
आधी घरच्या हातचा मार खाऊ दे लाकडाला,
मग परक्याचा सोसंल."

आठ रात्री.
शेजारच्या म्हशीला सवय लागली,
थांबलो की मान वळवून बघायची.

रविवारी, मोंढ्यामागचं मैदान.
जिंतूरच्या डावखुऱ्याचा पहिला बॉल सोडला.
दुसराही.
समोरून धनराज ओरडला,
"खेळायलास का पुजायलास रे?"

तिसरा आपसूकच लागला, मधोमध.
तोच आवाज, फक्त दिवसाचा.
म्हशीनं गोठ्यातून ओळखला असंल.

धनराज अर्ध्या पिचवर, "पळ, पळ,"
आणि मी क्रीझमधी उभा,
बाहीनं
लाल डाग पुसायलो.