वजनकाट्यावर उभी राहण्याआधी

रोतिया, हे विमान आपलं नाही.
शेपटावरचा पक्षी शेजारच्या देशाचा,
आणि तो देश आपल्याहूनही लहान.
सकाळी चालायला निघालं तर जेवायच्या आत
अख्ख्या देशाला प्रदक्षिणा होते म्हणे.
विमानं त्यांच्याकडे मोजकी.
एक आजारी पडलं की दुसऱ्याला दोघांचं काम.
म्हणून तिकिटावरचा मंगळवार
मंगळवारच असेल असं धरून चालू नकोस.
मंगळवार ही कंपनीची इच्छा,
बुधवार इंजिनाची.
गुरुवारी, बहुतेक, तू जाशील.

तोवर बोनरिकीच्या छपराखाली चटई टाकून बस.
तेबोराचा मुलगा तिथे तळलेला पाव विकतो.
उधार देतो सगळ्यांना,
परदेशी निघालेल्यांना सोडून.

काटा दोनदा. आधी सामानाचा, मग तुझा.
लाजायचं नाही. चपला काढल्यास
तरी आकडा तोच येतो, मी बघितलंय.
निळ्या स्कर्टातल्या त्या मुलीला
बेटावरच्या प्रत्येकाचं वजन तोंडपाठ आहे,
पण ती कुणाला सांगत नाही. पाद्रीबाबांनाही नाही.

माडाच्या रसाचा पाक नेशील तर बाटली तीन पिशव्यांत घाल,
वर गेल्यावर बाटल्यांना धाप लागते.
ब्रिस्बेनच्या फॉर्मवर लिही: खाण्याचं सामान आहे.
आपल्याकडे खोटं फुकट मिळतं,
तिथे त्याला दंड आहे.
शिंपल्यांची माळ गळ्यातच राहू दे.
गळ्यातल्या गोष्टीला लोक कमी प्रश्न विचारतात.

खिडकी डावीकडची माग.
उडाल्यावर आधी हिरवं पाणी, मग पांढरी रेघ, मग निळं,
आणि त्या रेघेवर आपण सगळे:
शाळा, डुकरं, समुद्राने नेलेला अर्धा बांध, मी.
अंगठ्याच्या नखाखाली झाकलं जाईल सगळं.
अंगठा लावू नकोस.

आणि एक, जे तिकिटामागे छापलेलं नाही.
बरानिकोला उपचाराला नेलं
तेव्हा आम्ही जाऊन-येऊन दोघांची तिकिटं काढली होती.
येताना मी होते, आणि पेटी.
काउंटरवरचा माणूस त्यांचा. त्याने पेटी तोलली,
कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं नाही.
म्हणाला, विमान भरलंय, पुढच्या आठवड्यात बघू.
मी गप्प. कुठल्या भाषेत बोलणार होते?

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने, ओळख ना देख,
आपलं बोटीचं इंजिन पट्ट्यावरून खाली ओढलं.
नवं कोरं, खोकंसुद्धा न उघडलेलं.
मग कुणी तांदळाची गोणी. कुणी दोन टायर.
एका बाईने लग्नाच्या कापडाचा गठ्ठा
बराच वेळ छातीशी धरला, मग ठेवला.
काउंटरवाला बेरीज करत होता, ओठ हलवत.
अजून अकरा किलो, तो म्हणाला.
कुणाकडे काही उरलं नव्हतं.
पंखा फिरत होता.
त्याने पेन कानामागे खोचलं आणि म्हणाला,
झालं. बरोबर आहे.

ते अकरा किलो कुणी उचलले, मला ठाऊक नाही.
घरापर्यंत मी डाव्या खिडकीशी बसून
विमान जड वाटतंय का ते ऐकत होते.

घोषणा त्यांच्या भाषेत होईल, मग इंग्रजीत.
आपल्या भाषेत नाही. कान देऊ नकोस,
रांगेतली तोंडं बघून ठेव.
बॅग भरताना सगळे जड वस्तू तळाशी ठेवतात.
तू वर ठेव,
पटकन काढता येईल अशी.

आणि हो, शेंगदाण्याचं दुसरं पाकीट
मागितलं तर देतात.