विराबीकर

रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळेपर्यंत
सलमाबाई सांगून मोकळ्या होतात :
"माझा बाप खासदार होता, बरं का.
त्याआधी बटणं विकायचा."

मी इथं दोन वर्षांच्या करारावर आलेली डॉक्टर.
विराबी म्हणजे एक पेट्रोलपंप, गव्हाचे तीन सायलो,
बाकी ऑस्ट्रेलियाभर असतं तेवढं आकाश,
आणि एक दुकान, ज्याच्या काचेमागे
आता कुणी काही विकत नाही.

नख्ले शाहीन. लेबनॉनच्या डोंगरातून बोटीनं आला.
सुटकेसमध्ये बटणं, झालर, टाचण्या.
मेंढ्यांच्या कुरणांतून पायी फिरायचा;
आधी कुत्री भुंकायची, मग बायका दारात यायच्या.
पुढं दुकान टाकलं. पाटी रंगवणाऱ्याला
ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं : 'शीहान'.
त्या मार्चमध्ये आयरिश पाद्री हक्कानं वर्गणी मागायला आला.
यानं दिली.
पाटी पुसून घ्यायला जास्त पडले असते.

कुणाच्या पायाला कितीचा बूट, त्याला पाठ.
पोस्टाची खिडकीही त्याच्याच गल्ल्याशेजारी.
युद्धात तार आली की शटर ओढायचा
आणि सायकलवरून स्वतः घेऊन जायचा,
नऊ मैल असोत की वीस.
दारात टोपी काढून उभा राहायचा.
चहा विचारला तर घ्यायचा, नाही विचारला तरी थांबायचा.

निवडणुकीच्या सभेत समोरच्या पार्टीचा माणूस म्हणाला,
"हे गृहस्थ मूळचे कुठले, ते तरी सांगा!"
मागच्या रांगेतून मिसेस केओ उठल्या.
बोलल्या काहीच नाहीत.
नुसत्या उभ्या.
मग बराच वेळ हॉलभर खुर्च्या वाजत राहिल्या.

संसदेत मतदानाची घंटा झाली
की तो दचकून अर्धा उठायचा,
हात पुसायचा नसलेल्या एप्रनला :
गिऱ्हाईक आलं!
पण एक बरं होतं. सभागृहात नाव घ्यायची पद्धतच नव्हती.
ना शाहीन, ना शीहान.
अध्यक्ष म्हणायचे, "विराबीचे सन्माननीय सदस्य."

"आमच्याकडे गावाला 'कर' जोडला
की आडनाव होतं," मी म्हटलं.
माझंही तसंच, एका गावाचं,
जे मी अजून पाहिलेलं नाही.
त्यांनी तोंडात घोळवून बघितलं : विराबीकर.
हसल्या. काटा हलला.

"पुढच्या खेपेला पडला. तीनशे मतांनी.
सकाळी सातला दुकान उघडलं,
तर पहिलाच गिऱ्हाईक म्हणतो,
सन्माननीय सदस्य, दीड पौंड खिळे द्या."

"आणि पूल? नदीवरचा? तो त्यांनीच ना?"
"छे. तो त्याला पाडणाऱ्यानं बांधला.
बापानं खिळे पुरवले."

एकशे पंचेचाळीस, नव्वद. जरा जास्तच आहे.
मी लिहून घेतलं, गोळी अर्धी वाढवली.
बाही खाली करत त्या म्हणाल्या,
"पाटी अजून तशीच आहे.
जाताना बघ. शीहानच."