ओळ चारशे सतरा

अनुदान जूनमध्ये संपतं.
हे मीच टंकलं, रकाना ड मध्ये,
साध्या काळ्या अक्षरांत,
कारण रंगीत शाई शाळेच्या प्रिंटरला केव्हाच परवडेनाशी झाली.

मी इथली हिशोबनीस. तीन शाळा, एक नदी,
नदीपलीकडे कॅनडा,
आणि तिन्ही शाळांत मिळून नर्स एकच, ओडेट सीर,
जुन्या सुबारूच्या मागच्या सीटवर
वजनकाटा, इन्सुलिनचा थंड डबा
आणि कोरडे मोजे, लहान मापाचे, गाठोडंभर.
मोज्यांचं बिल तिनं कधीच दिलं नाही.
विचारलं तर म्हणाली, कुठल्या सदरात घालशील?

दर पंधरा मिनिटांना एक संकेतांक असतो.
दम्याचा पंप: आहे.
साखर तपासणं: आहे.
रेनो मिशो दर सोमवारी सव्वादहाला येतो,
पोट दुखतंय म्हणतो.
ती कपाटातून बिस्किटं काढते, तो खातो,
दुखणं थांबतं.
याला संकेतांक नाही.
ती वहीत लिहिते, "तक्रार दूर झाली."
अशा बासष्ट तक्रारी दूर झाल्या यंदा.
राज्याकडून परत आले शून्य डॉलर.

दात कोरून पोट भरत नाही, माहीत आहे.
तरी कोरले.
बर्फ काढणाऱ्या ट्रॅक्टरचं डिझेल, कागदाची रिमं,
संगीताच्या खोलीची गळकी खिडकी
(गळू दे अजून एक हिवाळा).
जमले साडेपाच हजार.
पगाराला लागतात अडुसष्ट.

कुणी एका संस्थेचा अर्ज आणून दिला.
प्रश्न सहावा: आपला उपक्रम नावीन्यपूर्ण कसा?
ओडेट हसली, स्टेथोस्कोप गळ्यातच.
लिही, म्हणाली,
एक बाई आहे. ती रोज येते.

मे महिन्यात, बटाट्याच्या लावणीआधी, सभा.
बास्केटबॉलच्या कोर्टावर घडीच्या खुर्च्या.
क्लोव्हिस ड्युमाँ उभा राहिला,
हाताच्या भेगांत अजून माती.
"तीन वर्षं फुकट होती ना ती?
मग आता आमच्या करातून का?"
त्याच्यावर रागावता येईना मला.
त्याच्या शेताची घरपट्टी मीच तर वाचते दर वर्षी.
म्हणाले, फुकट नव्हती, उसनी होती.
आवाज कापला. माईक नको तिथं मोठा झाला.

मग हात.
हात आखडता घेणारं गाव नाही हे,
पण हात मोजायला लागलं की
माणसं छताकडे बघतात.
ओडेट आत नव्हती.
कुणाच्या तरी पोराचं नाक फुटलं होतं पायऱ्यांवर,
ती त्याचं डोकं पुढे वाकवून बसली होती,
नाकाची चिमूट धरून, घड्याळाकडे बघत, दहा मिनिटं.
तिचं स्वतःचं मत त्यात गेलं.
एक्क्याण्णव विरुद्ध अठ्ठ्याऐंशी.
क्लोव्हिसनं हात वर केला की नाही
मी पाहिलं नाही. मुद्दामच.

दुसऱ्या दिवशी ओळ चारशे सतरा उघडली.
अनुदान खोडलं. लिहिलं: गाव.
मुदतीपुढे एक वर्ष.
पुढच्या मेमध्ये पुन्हा त्याच खुर्च्या,
पुन्हा हेच हात, देव जाणे किती.

शुक्रवारी माझ्या टेबलावर एक चुरगळलेली पावती होती.
मुलांचे मोजे, बारा जोड.
अकरा डॉलर चाळीस सेंट.
मागे पेन्सिलीनं: आता सदर शोध.