नाही म्हणणारी मशीन

देवणीच्या जनावरांच्या दवाखान्यात, लिंबाखाली,
खाजामियाँनं मशीन टेबलावर ठेवली,
साबणाच्या वडीएवढी.
"म्याडम, हजार चोवीसपर्यंत गुणाची होती.
पुढं काय झालं तिलाच ठावं."

ओळ माझीच.
लातुरात पंख्याखाली बसून
मी जनावरं मोजली होती, एकही न बघता:
दिवसाला फार तर अडीचशे,
यात्रा चार दिवसांची,
वर चोवीस, यंत्राला तो आकडा आवडतो म्हणून.

माळेगावच्या माळावर तिसऱ्याच दुपारी
आकडा भरला.
मशीन अडली असती तर बरं होतं.
ती हिरवा दिवा लावत राहिली, ठीक, ठीक,
आणि हजार पंचविसावी कालवड
पहिल्या बैलाच्या दाव्याला बांधून मोकळी झाली.
कंधारचा लाल बैल होता तो.
नोंदीत आता देवणी आहे, मादी, आदत.

खाजामियाँला वास लागला.
पुढचे बिल्ले त्यानं बिडीच्या पुड्यावर उतरवले,
पुडा भरल्यावर डाव्या मनगटावर,
मग कोपरापर्यंत.
दोन दिवस अंघोळीला तो हात बाहेर.

"जी नाही म्हणत नाही," तो म्हणाला,
"तिच्या हो-ला काय चाटायचं?"

टँकरचा नेम नसायचा त्या महिन्यांत
आई टिपाडाला बोटाच्या पेरानं ठोकायची,
तांब्या बुडवण्याआधी, दर खेपेला.
सकाळी किती होतं हे तिला पाठ असायचं
तरी ठोकायची.
तळाची चार बोटं कुणाचीच नव्हती,
पाहुण्याचीसुद्धा.

मी आकडा खोडला.
आता प्रत्येक बिल्ल्याआधी
मशीन स्वतःलाच ठोकून बघते.
थोडी हळू झालीय, खाजामियाँ कुरकुरतो.
चार बोटं उरली की लाल दिवा,
आणि पडद्यावर, त्याच्याच शब्दांत:
भरलं. वही काढा.

वही असेलच त्याच्याकडं,
हे मी पुन्हा धरून चालले होते.
निघताना लक्षात आलं.

खोक्यात चार्जरशेजारी
एक वही टाकली, शिसपेन्सिल दोऱ्यानं बांधून.
चाळीस पानी.
चाळीसच का, ते
दुकानदाराला विचारलं नाही.