गुडघ्याखाली

लीथहून जहाज निघालं की पहिल्याच दुपारी
प्रत्येक उशीवर एक कागद ठेवला जातो:
सहानंतर डायनिंग हॉलमध्ये स्मार्ट कॅज्युअल.
साडेपाचपासून माझ्या काउंटरवरचा फोन थांबत नाही.

रोडेल, जीन्स चालेल?
गडद असेल तर चालेल, मॅडम. फाटकी नको.
अहो, फाटकीच महाग असते.
मग ती उद्या नाश्त्याला घाला.
टाय? नसला तरी चालेल. कॉलर? हवी.
सँडल? बाईंचे चालतात, साहेबांचे नाही.
का, ते बावीस वर्षांत मला कुणी सांगितलेलं नाही.

माझ्यापुरती व्याख्या मी करून ठेवली आहे:
बेफिकिरी, पण इस्त्री केलेली.
जेवायला आलोय असं वाटावं,
जेवायलाच आलोय असं वाटू नये.

दारामागच्या कपाटात सात कोट टांगलेले असतात, उसने द्यायला,
सगळे निळे, एकही कुणाला धड न बसणारा.
बाहीत हात घालताना माणसं एकदम लहान होतात,
शाळेत उशिरा आल्यासारखी.
म्हणून मी कोट मागून धरतो
आणि हवेबद्दल बोलतो.

तिसऱ्या संध्याकाळी गिल्बर्ट बुकन आले,
पीटरहेडचे, चाळीस वर्षं हेरिंगच्या बोटीवर.
पांढरा शर्ट, खोक्यातल्या घड्या अजून न मोडलेला.
टाय. टायपिन. पाणी लावून बसवलेले केस.
आणि पायात चौकड्यांच्या लोकरी सपाता,
डावीची शिवण उसवून पाय बाहेर आलेला,
पाव फुगावा तसा.

मागे रांग. रांगेत लिनन, मोती,
मोज्यांशिवाय घातलेले इटालियन बूट.
कुणीतरी खाकरलं.
म्हातारा माझ्याकडे बघतच नव्हता.
तो बघत होता खिडकीपाशी,
जिथे एल्स्पेथबाई आधीच जाऊन बसल्या होत्या
दाराकडे पाठ करून,
नवऱ्याला परत पाठवलंच तर ते दिसू नये म्हणून.

नियम माझ्या खिशात असतो, छापील, पान चार.
मी कॉलर पाहिली. टाय पाहिला.
टायपिनवर एक इवलीशी बोट होती.
म्हटलं, छान आहे.
म्हणाले, खरी बुडाली.

मी बाजूला झालो.
त्या संध्याकाळी गुडघ्याखाली मी काहीही पाहिलं नाही,
आणि इटालियन बुटांनी जाब विचारला तेव्हा
हवेबद्दल बोललो.

रात्रीचे अकरा. उजेड अजून आहेच.
जूनमध्ये इथला सूर्य
निघतो निघतो म्हणत दारातच गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखा.
माझी खोली पाण्याच्या रेषेखाली, तिला उजेडाचं काय.
वरच्या बंकवर कोमांग घोरतोय, लाँड्रीतला, बालीचा.
इलोइलोला पहाटेचे पाच.
आयराला आज नर्सची टोपी मिळणार.
तिनं बजावून ठेवलंय: ताताय, नीट कपड्यांत फोन करा,
मैत्रिणी असतील.

कोट मी काढलेला नाही. बो सरळ केला.
पँट कोमांगने मघाशीच धुवायला नेली,
त्यामुळे खाली पिवळी अर्धी चड्डी, बास्केटबॉलची,
आणि रबरी चपला, एकीचा पट्टा दोऱ्याने बांधलेला.

पडद्यावर ती. पांढरीशुभ्र.
कशी दिसते?
रोज सहाशे माणसं दारात जोखणारा मी,
मला शब्द सुचेना.
म्हटलं, कॉलर बरोबर आहे.
मागे मुली खिदळल्या. एक म्हणाली,
केवढे रुबाबदार! कॅप्टन आहेत का गं?
आयरानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
मग म्हणाली, ताताय, उभे राहा ना,
पूर्ण दिसू दे.

बाहेर फ्योर्डचं पाणी
पुसून ठेवलेल्या ताटासारखं सपाट.

मी म्हटलं, जहाज फार हलतंय, बाळा,
आणि टेबल दोन्ही हातांनी धरून ठेवलं.