सोबतीचा रकाना

पिवळा दिवा लागायचा
कधी आमोद्याच्या अलीकडे, कधी बामणोद फाट्यावर,
एकदा तर तापीच्या पुलावर, ऐन मधोमध.
नखाएवढं इंजिनाचं चित्र.
गाडीला एक उचकी लागायची
आणि पुन्हा सुरळीत, जसं काही झालंच नाही.

फैजपुरात नामदार तडवीच्या दारात उभी केली
की शहाण्या मुलीसारखी घुरघुरायची.
"दाखवायले आनला का बिघाड लपतो भो,"
नामदार म्हणायचा आणि स्टेअरिंगखाली यंत्र खोचायचा.
पडद्यावर तेच जुनं नाव :
पी शून्य तीन तीन पाच.
क्रँकचा सेन्सर. बदलला. साडेअकराशे.
नऊ दिवस बरे गेले.

मी तीस वर्षं भूमी अभिलेखात साखळी ओढली आहे.
रात्रीतून सरकवलेला हद्दीचा दगड
मूळ कुठे होता, ते मातीचा रंग बघून सांगितलं आहे.
अठरा वर्षांची वॅगन-आर मला फसवते म्हणजे काय?

वही केली. पट्टीनं रकाने आखले :
तारीख, वेळ, किलोमीटर, वेग, गिअर,
टाकीत पेट्रोल किती, एसी चालू की बंद,
सावलीतलं तापमान.
मे महिन्यात सावलीतच पंचेचाळीस,
म्हटलं, उष्णताच असणार.
तर डिसेंबरात, भल्या पहाटे,
केळीच्या बागांवर धुकं बसलेलं असताना
लागला.
मग खड्ड्यांवर संशय घेतला. पण खड्डे तर रोजचे.
आलेखाच्या कागदावर चौदा ठिपके,
कोणत्याही दोघांतून काढलेली रेघ
तिसऱ्याला ओळख देईना.
"विकून टाका," कुमुद म्हणाली.
क्षेत्र जुळत नसलेला नकाशा
मी आयुष्यात कुणाच्या हातात दिला नव्हता.

नामदारनं वही पहिल्या पानापासून वाचली,
ओठ हलवत,
ग्रीसचं बोट कागदाला लागू न देता.
मधे एक गिऱ्हाईक आलं, हॉर्न वाजवून गेलं.
"समदं लिव्हलं काका," तो म्हणाला,
"संगं कोन व्हतं, ते काबरं नाही लिव्हलं?"

आमोदा : कुमुद, बहिणीकडे भुसावळला.
पूल : कुमुद, डोळ्यांच्या डॉक्टरकडे.
धुक्यातली पहाट : कुमुद, मांडीवर भरिताची वांगी,
लेकीकडे निघालेली, रेल्वे गाठायची म्हणून मी सुसाट.
एकटा असताना एकही नाही.
वहीत तेवढाच रकाना नव्हता.

"काकू, रोजच्यासारख्या बसा."
इंजिन जागेवर चालू. नामदार बॉनेटवर हात ठेवून.
"समजा, काका केळीच्या ट्रकले वव्हरटेक करू राह्यले,
समोरून एस्टी येऊ राह्यली."
कुमुदनं वरची कडी धरली,
डोळे बारीक केले
आणि उजवा पाय, जिथे कसलंच पेडल नाही तिथे,
जीव खाऊन दाबला.

दिवा लागला.

चटई उचलली. टाचेच्या आकाराचा एक घसवटा.
खाली वायरींचा जुडगा, क्लिप तुटलेली,
पत्र्याच्या कडेवर चेपून चेपून
एका तारेचं कातडं गेलेलं,
बाजरीच्या दाण्याएवढं तांबं उघडं.
अठरा वर्षं ती ब्रेक मारत होती
आणि गाडी तेवढी ते ऐकत होती.

नळी, टेप, नवी क्लिप : एकशे ऐंशी.
त्या प्रश्नाचे नामदारनं काही लावले नाहीत.

पडताळायला म्हणून यावलच्या दिशेनं निघालो.
हंबर्डीजवळ पुढे केळीचा ट्रक,
मी इंडिकेटर दिला,
गिअर बदलला,
डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचा पाय बघितला.
दाबलेला.
समोर सगळे काटे जागच्या जागी, दिवा नाही.

"झालं," मी म्हणालो.
"हो," कुमुद म्हणाली, "पण आता तुम्हाला कळणार कसं?"

इंडिकेटर बराच वेळ टिकटिकत राहिला.
ट्रकच्या फाळक्याबाहेर आलेलं केळीचं पान
वाऱ्यावर फाटत होतं,
एकेक चिंधी.
यावल येईपर्यंत मी त्याच्या मागेच होतो.